घोडं पेंड खातंय कुठे? मोठे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मोठं सॉफ्टवेअर रखडलं की सगळे टेक्नॉलॉजीला नावं ठेवतात, पण माझ्या २६ वर्षांच्या नोकरीत मी जे बघितलं त्यात घोडं बहुतेक वेळा माणसांपाशी आणि 'नक्की काय बनवायचंय' या प्रश्नापाशीच पेंड खात होतं. त्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सहा प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापली नाहीत, कारण जवळपास प्रत्येकाने 'ताई, नाव नको' असं लिहिलं होतं आणि त्यामागची भीती मला पूर्ण कळते.

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत टीम लीड आहे. आमचा नऊ महिन्यांचा प्रोजेक्ट आता सोळाव्या महिन्यात आहे. आम्ही सहा जण होतो, क्लायंटने आरडाओरडा केल्यावर कंपनीने एकदम चौदा माणसं टाकली. मला वाटलं आता सुटलो, पण दोन महिने झाले आणि काम आधीपेक्षा हळू चाललंय. मॅनेजर म्हणतात लीड म्हणून मी कमी पडतोय. खरंच माझं चुकतंय का?
(टीम लीड, वाकड)

उत्तर: नाही हो, आधी ते मनातून काढून टाका. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो अजून उशिरा होतो हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, आणि ते काही लांबून बघून लिहिलेलं नाही. आयबीएमच्या सिस्टीम ३६० मशीनसाठी जी ऑपरेटिंग सिस्टीम बनत होती तिचे ते स्वतः मॅनेजर होते, ऐन कामात हजारावर माणसं त्यावर होती आणि तरी ती वेळेत झाली नाही.

तुमच्याकडचं गणित बघा. सहा माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १५. वीस माणसांत होतात १९०. म्हणजे माणसं तिपटीच्या थोडी वर गेली आणि जोड्या बारापटीच्याही पुढे. सगळ्या जोड्या रोज बोलत नाहीत हे मान्य, पण कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला काय माहीत नाही हे कळायलाच निम्मा दिवस जातो.

मी हे एकदा अगदी जवळून बघितलंय. आमच्याकडे एका सोमवारी नऊ जण जॉइन झाले. मंगळवारपर्यंत लॅपटॉप आले, व्हीपीएनचा, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा, ॲक्सेस मिळायला पुढचा सोमवार उजाडला, आणि ॲक्सेस मिळाल्यावर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) कोणाच्याच मशीनवर होईना, कारण एक जुनी लायब्ररी फक्त एकाच मुलीच्या मशीनवर होती आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. ही मुलगी म्हणजे अख्खं बिलिंग मॉड्यूल डोक्यात असलेली आमची एकमेव व्यक्ती. त्या दोन आठवड्यांत मी जेव्हा जेव्हा तिच्या डेस्कजवळून गेले तेव्हा तिच्या खुर्चीमागे कोणीतरी उभं होतं, टेबलावरच्या चहावर साय आलेली, आणि स्क्रीनवर तेच एक फंक्शन उघडं, कर्सर सोमवारी होता तिथेच. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. पण त्या दोन आठवड्यांत तिची एक ओळ मुख्य कोडमध्ये चेक-इन झाली नाही, आणि आमच्या स्टेटस रिपोर्टमध्ये मात्र नऊ माणसं वाढली म्हणून तो रकाना हिरवा होता. मला आजही त्या हिरव्या रकान्याचं वाईट वाटतं, कारण तो भरणारी मी होते.

ब्रुक्स यांनी स्वतःची एक चूक सांगितली आहे, ती मला त्या नियमापेक्षाही जास्त शिकवून गेली. सिस्टीम नक्की कशी वागायला हवी हे आधी कागदावर उतरवायचं होतं. आर्किटेक्चरवाले म्हणाले आमचे दहा जण हे दहा महिन्यांत लिहून देतील, पण तेवढा वेळ शेड्यूलमध्ये नव्हता. दुसरा मॅनेजर म्हणाला माझ्याकडे दीडशे माणसं आहेत, ती नाहीतर दहा महिने हातावर हात ठेवून बसतील, आम्हीच लिहितो आणि वेळेत देतो. ब्रुक्स यांनी काम दीडशे जणांना दिलं. ते वेळेत तर झालं नाहीच, शिवाय दीडशे हातांनी लिहिल्यामुळे त्यात एकसंधपणा राहिला नाही, आणि त्यापायी डिबगिंगचं, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करायचं, एक वर्ष वाढलं असा त्यांचाच अंदाज आहे. तुमच्याकडच्या चौदा जणांना जेव्हा 'बेंचवर (प्रोजेक्टशिवाय रिकामं) बसण्यापेक्षा इथे लावा' म्हणून पाठवलं असेल ना, तेव्हा अगदी हाच विचार झाला असणार.

आता करायचं काय. आलेल्या सगळ्यांना मुख्य कोडमध्ये सोडू नका. जे काम वेगळं काढता येतं ते द्या, म्हणजे टेस्ट डेटा बनवणं, आलेला बग परत घडवून दाखवणं, मशीन सेटअपच्या पायऱ्या लिहून काढणं. तुमच्या जुन्या सहापैकी एकच माणूस केटी देईल, म्हणजे नव्यांना काम समजावून सांगेल, बाकी पाच जणांना दुपारपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं ठरवा आणि ते खरंच पाळा. आणि मॅनेजरना भेटायला जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, त्या पाच-सहा जणांची गेल्या दोन आठवड्यांची कॅलेंडरं प्रिंट काढून घेऊन जा. किती तास केटीत गेले आणि किती कामात, हे कागदावर दिसलं की बोलणं सोपं होतं.

प्रश्न: मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. क्लायंटच्या पाच डिपार्टमेंटकडून रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं त्या मागण्या, गोळा करते. दर आठवड्याला काहीतरी बदलतं, आणि कशाला प्राधान्य द्यायचं विचारलं तर सगळंच पी-वन, म्हणजे सगळ्यात आधी हवं. डॉक्युमेंट ४०० पानांचं झालंय, सगळ्यांचा साइन-ऑफ आहे, तरी डेमोला म्हणतात 'आम्हाला हे नको होतं'. एवढं लिहूनही गोष्टी अस्पष्ट कशा राहतात?
(बिझनेस ॲनालिस्ट, नागपूर)

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मला लगेच अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचा प्रोजेक्ट आठवला, त्याचं नाव 'व्हर्च्युअल केस फाइल'. तो थोडा सविस्तर सांगते, कारण त्यात तुमचे ४०० पानांचे दुखणे दुप्पट आकारात आहे.

एफबीआयकडे केसेसची नोंद ठेवायला १९९५ पासूनची एक जुनी हिरव्या स्क्रीनची सिस्टीम होती, एजंट लोकांना ती वापरायचा इतका कंटाळा की कामं कागदावरच चालायची. जून २००१ मध्ये एसएआयसी नावाच्या कंपनीला काम दिलं. मूळ काम साधं होतं, त्या जुन्या सिस्टीमला वेबचा नवा चेहरा द्यायचा. मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. संशयितांचे फोटो एजंटना एकमेकांना ईमेलने पाठवता येत नव्हते, कुरियरने पाठवायला लागत होते. साहजिकच सगळा देश विचारायला लागला हे काय चाललंय, आणि ठरलं की चेहरा नको, अख्खी सिस्टीमच नवी करू. संसदेने ज्यादा पैसेही दिले आणि जून २००४ ची तारीख मागे ओढून डिसेंबर २००३ केली.

म्हणजे बघा, काम कितीतरी पट वाढलं आणि वेळ सहा महिन्यांनी घटला. आणि या सगळ्यात 'पहिल्या दिवशी एजंटला नक्की काय करता आलं पाहिजे' हे एका पानात कोणी लिहिलं नाही. डॉक्युमेंट मात्र ८०० पानांच्या वर गेलं, त्यात स्क्रीनवर बटण कुठे असावं इथपर्यंत तपशील होता. वेळ वाचवायला एसएआयसीने लोकांच्या आठ टीम केल्या, आठही टीम एकाच वेळी वेगवेगळे तुकडे बनवत होत्या आणि शेवटी ते जोडायचे होते. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलंय की ज्या संस्थेत माणसं जशी विभागलेली असतात तशीच त्यांची सिस्टीम बनते. आठ टीम केल्या की आठ तुकडे होणारच, आणि सांधे नेमके तिथेच निखळतात जिथे दोन टीम एकमेकांशी कमी बोलतात.

त्यात बदल थांबेनात. एसएआयसीच्या म्हणण्यानुसार जवळपास ४०० चेंज रिक्वेस्ट आल्या. बदल कोणाला थांबवायचे होते? तर एफबीआयमध्ये या काळात खुर्चीवरची माणसंच टिकत नव्हती, प्रोजेक्ट संपेपर्यंत आयटीचे महत्त्वाचे अधिकारी १५ बदलले आणि त्यात सीआयओच (आयटीचे प्रमुख) पाच. प्रत्येक नवा साहेब नवीन इच्छा घेऊन येणार, जुन्याने कशाला हो म्हटलं होतं ते त्याला माहीत नाही. बारभाईंची शेती, काय लागेल हाती, अशी गत.

डिसेंबर २००३ मध्ये डिलिव्हरी झाली. एफबीआयने आधी १७ त्रुटी काढल्या, त्या वाढत ५९ झाल्या, भांडण त्रयस्थ लवादाकडे गेलं. लवादाने सांगितलं की ५९ पैकी १९ ह्या चुका नाहीतच, त्या एफबीआयने बदललेल्या मागण्या आहेत, आणि उरलेल्या ४० एसएआयसीच्या चुका आहेत. मला हा आकडा फार बोलका वाटतो, कारण दोघंही चुकीचे होते आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असं मनापासून वाटत होतं. २००५ मध्ये सगळं गुंडाळलं. खर्च १७ कोटी डॉलर, सात लाखांवर ओळींचा कोड, त्यातला १० कोटींवर डॉलरचा भाग वापरण्यासारखा नव्हता. सरकारी तपासणीत कारणांमध्ये ठळकपणे आलं ते हेच, की रिक्वायरमेंट नीट ठरल्या नव्हत्या आणि शेवटपर्यंत बदलत होत्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, एवढं लिहून अस्पष्ट कसं राहतं. एक प्रसंग सांगते. आम्ही एका मोठ्या क्लायंटसाठी काम करत होतो, डॉक्युमेंटमध्ये जागोजागी शब्द होता 'ॲक्टिव्ह ग्राहक'. चार महिने सगळ्यांनी तो वाचला, सह्या केल्या. मग एका मीटिंगमध्ये रिपोर्टचे आकडे जुळेनात म्हणून एका ज्युनिअर मुलाने भीत भीत विचारलं, सर ॲक्टिव्ह म्हणजे कोण? बिलिंगवाले म्हणाले ज्याच्या नावावर चालू बिल आहे तो. सेल्सवाले म्हणाले ज्याने फॉर्म भरून सही केली तो. सर्व्हिसवाले म्हणाले ज्याचं कनेक्शन सुरू आहे तो. खोलीत एकदम शांतता. फळ्यावर तीन गोल काढले, तिन्हीमध्ये बसणारे ग्राहक मधल्या छोट्याशा जागेत, आणि आम्ही चार महिन्यांत जे बांधलं होतं ते फक्त त्या मधल्या जागेला लागू पडत होतं. सह्या तिघांच्याही होत्या, पण प्रत्येकाने आपापल्या डोक्यातल्या व्याख्येवर सही केलेली.

म्हणून डॉक्युमेंटची पानं वाढवून उपयोग नाही. आधी वीस-पंचवीस शब्द काढा जे सगळीकडे येतात, आणि पाचही डिपार्टमेंटना एका खोलीत बसवून त्यांचा अर्थ एका ओळीत लिहून घ्या, भांडणं होतील, ती तिथेच होऊ द्या. आणि प्राधान्य विचारणं बंद करा. पी-वन, पी-टू म्हटलं की सगळे पी-वनच म्हणणार, त्यात त्यांचं काही जात नाही. त्याऐवजी रांग लावायला सांगा, एक नंबरला काय, दोन नंबरला काय, दोन गोष्टी एकाच नंबरवर चालणार नाहीत. आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न, हे पहिल्या दिवशी नसेल तर कोणाचं काम अडेल? माणसाचं नाव सांगता आलं नाही तर ती गोष्ट खाली सरकवा.

प्रश्न: ताई, मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. माझा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. गेले चार महिने 'गो-लाइव्ह आहे' म्हणून रात्री दोन-तीन वाजेपर्यंत काम करतो, फोन केला तर आवाज थकलेला. विचारलं तर म्हणतो, आई, उशीर झालाय, भरून काढायचंय. इतकं राबून पण यांचं काम संपत का नाही?
(एक आई, सातारा)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक सांगते, काम संपत नाही म्हणजे तो हळू आहे किंवा कच्चा आहे असं अजिबात समजू नका. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की गो-लाइव्हची, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू करायची, तारीख आधी ठरली, काम किती आहे ते नंतर कळलं. तारीख ठरवणारी माणसं वेगळी, राबणारी वेगळी. आणि मधे काम वाढत जातं, तारीख तिथेच राहते.

घर बांधताना गवंड्याला रोज सांगितलं की ही भिंत इथे नको, तिकडे घ्या, आणि दिवाळीला गृहप्रवेश मात्र ठरलेलाच, तर तो बिचारा रात्रीही विटा रचेल, पण रात्री रचलेली भिंत सकाळी ओळंब्याला बसणार नाही. यांचंही तसंच होतं. रात्री दोनला मी स्वतः एक दुरुस्ती केली होती, शून्याने भागाकार होतोय का एवढं तपासायचं होतं, मी अट उलटी लिहिली आणि सकाळी सगळ्या शाखांचे रिपोर्ट कोरे. ते निस्तरायला तीन माणसांचे दोन दिवस गेले. पहाटे तीनला घरी जाताना मात्र मला वाटत होतं मी आज खूप काम केलं.

तुम्ही त्याला नोकरी सोड म्हणू नका, त्याने त्याच्यावरचं ओझं वाढतं. त्याला फक्त एवढं विचारा की बाळा, या कामातलं काय केलं नाही तरी चालेल हे तुमच्याकडे कोण ठरवतं? त्याला नाव सांगता आलं तर त्याने त्या माणसाशी बोलावं. नाव सांगता आलं नाही तर तो उशीर त्याचा नाहीच, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. आईने म्हटलेलं वेगळं पोचतं.

प्रश्न: मी एका मोठ्या संस्थेत लेखा विभागात आहे. पगाराचं नवीन सॉफ्टवेअर आलं, आम्हाला कोणी काही विचारलं नाही. थकबाकी काढता येत नाही, पुरवणी बिल करता येत नाही, हाताने एक्सेलमध्ये करतोय. सॉफ्टवेअरवाले म्हणतात 'हे स्कोपमध्ये नव्हतं', म्हणजे ठरलेल्या कामात नव्हतं. जे रोज काम करतात त्यांना विचारायची पद्धत नसते का?
(लेखा विभाग, कोल्हापूर)

उत्तर: असते, पण पैसे आणि वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तीच कापली जाते. तुमच्यासारखंच एक प्रकरण कॅनडात झालं आणि ते अख्ख्या देशाने भोगलं. केंद्र सरकारच्या जवळपास २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 'फिनिक्स' नावाची सिस्टीम २०१६ च्या सुरुवातीला लागू केली. पगाराचे नियमच ८० हजारांच्या वर. बजेट पुरेना म्हणून अधिकाऱ्यांनी काही कामं सिस्टीममधून काढून टाकली किंवा पुढे ढकलली, आणि त्यात एक होतं मागील तारखेपासूनच्या पगारवाढीचा हिशोब, म्हणजे तुमची थकबाकीच! एका खात्यात आधी चालवून बघायचा पायलट ठरला होता, तोही रद्द केला.

पण मला सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो ते वेगळंच आहे. वेगवेगळ्या खात्यांत पगार करणारी जी अनुभवी माणसं होती, बाराशेच्या आसपास, त्यांच्या जागा बंद केल्या आणि मिरामिशी नावाच्या छोट्या शहरात एक केंद्र काढून तिथे साडेपाचशेच्या आसपास लोक ठेवले. 'सिस्टीम सगळं करेल' या भरवशावर. ज्यांना माहीत होतं की अमक्या प्रकारच्या रजेवरून परत आलेल्या माणसाचा पगार कसा काढायचा, तीच माणसं सिस्टीम सुरू व्हायच्या आधी घरी गेलेली. कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला शून्य. जून २०१७ मध्ये दीड लाखांवर कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या चुका दुरुस्तीची वाट बघत पडल्या होत्या. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी या सगळ्याला अनाकलनीय अपयश म्हटलं.

तुम्ही सध्या एक्सेलमध्ये जे करताय ते टाकू नका, तोच तुमचा पुरावा आहे. महिनाभर एक वही ठेवा, तारीख, कोणतं काम सिस्टीममध्ये झालं नाही, हाताने करायला किती वेळ गेला. 'सॉफ्टवेअर वाईट आहे' म्हटलं की कोणी ऐकत नाही, पण महिन्यात अमुक इतकी पुरवणी बिलं हाताने केली आणि त्यात इतके तास गेले असं लिहून वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं की त्याला स्कोपमध्ये घ्यावंच लागतं. आणि सॉफ्टवेअरवाल्यांनाही एकदा महिनाअखेरीला तुमच्या शेजारी दिवसभर बसवा, खुर्ची द्या आणि बसवा. माझ्या टीमला मी हे करायला लावलं होतं तेव्हा मुलं परत येऊन गप्प बसली होती, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी न सांगता चार स्क्रीन बदलल्या.

प्रश्न: आता एआय कोड लिहून देतं. मग हा सगळा उशीर आपोआप संपेल ना?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: कोड टाइप करायचा वेळ नक्की वाचेल, आणि तू ते शिकूनच घे. पण वर 'ॲक्टिव्ह ग्राहक' वाचलंस ना? तिथे कोणालाच टाइप करायला उशीर लागला नव्हता. एआयला ग्राहक म्हणजे कोण ते सांगितलं नाहीस तर ते एक अर्थ धरून तासाभरात सगळं बांधून देईल, आणि आम्ही जे चार महिन्यांनी पकडलं ते अजून मोठ्या ढिगाखाली गाडलं जाईल. समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारून एका पानात लिहिता येणं, हे कॉलेजमध्येच शीक. प्रोजेक्टला लागलीस की पहिला आठवडा फक्त तेच कर.

प्रश्न: मी ऑनसाइट आहे, टीम पुण्यात. इथे क्लायंटकडे दोन डायरेक्टर आहेत, एकाला खर्च कमी करायचाय, दुसऱ्याला सगळी फीचर्स हवीत. दोघं माझ्याशी वेगवेगळं बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. सकाळी एक सांगतो ते मी पुण्याला कळवतो, रात्री दुसरा फिरवतो. पुढच्या आठवड्यात स्टिअरिंग कमिटीची, म्हणजे प्रोजेक्टचे मोठे निर्णय घेणाऱ्या साहेबांची, मीटिंग आहे. मी काय करू?
(न्यू जर्सी)

उत्तर: तुम्ही दोन डायरेक्टरांच्या मधले पोस्टमन झाला आहात, आणि पुण्यातली टीम तुमच्या शेवटच्या मेलवर चालते आहे. तिथली मुलं सकाळी उठून आधी हेच बघत असणार की आज काल झालेलं काय पुसायचंय. हे तुम्ही एकट्याने सोडवायचं नाही आणि सुटणारही नाही.

एफबीआयची वरची गोष्ट पुढे काय झाली ते सांगते. व्हर्च्युअल केस फाइल गुंडाळल्यावर २००६ मध्ये त्यांनी 'सेंटिनल' सुरू केलं, या वेळी लॉकहीड मार्टिनला दिलं, चार टप्पे, २००९ संपेपर्यंत पूर्ण. ऑगस्ट २०१० उजाडला तेव्हा ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटपैकी जवळपास ४०.५ कोटी संपले होते आणि टप्पे झाले होते दोन. मग एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं. आणि माणसं वाढवली नाहीत, कमी केली! बाहेरच्या कंपन्यांची २२० च्या आसपास माणसं होती ती ४० वर आणली, स्वतःची ३० होती ती १२. उरलेलं सगळं काम छोट्या छोट्या गोष्टींत तोडलं, 'एजंटला हे करता आलं पाहिजे' अशा ६७० गोष्टी, त्यांची रांग लावली, दर दोन आठवड्यांनी जे चालतंय ते दाखवायचं. रांगेत कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवायचा अधिकार स्पष्टपणे दिलेला होता. तारीख तिथेही हुकली, सप्टेंबर २०११ म्हणत होते, प्रत्यक्षात १ जुलै २०१२ ला सगळ्यांसाठी सुरू झालं. पण सुरू झालं, आणि एजंट ते वापरायला लागले.

तुमच्याकडे एफबीआयच्या प्रमुखांसारखा अधिकार नाही, मान्य. पण एवढं करता येईल. आजपासून कोणीही तोंडी काही सांगितलं की त्याच दिवशी दोघांनाही एकाच मेलमध्ये तीन ओळी, आज असं ठरलं, यामुळे काल ठरलेलं हे रद्द होतंय, पुण्यातलं इतक्या दिवसांचं काम वाया जातंय. कोणाची चूक लिहायची नाही, सूर साधा ठेवायचा. आठवडाभरात अशा सात-आठ मेल होतील, त्या एका पानावर उतरवा, कोणत्या तारखेला कोणता निर्णय झाला, कधी फिरला, किती दिवस गेले. ते पान स्टिअरिंग कमिटीत पहिल्याच स्लाइडला लावा आणि एकच गोष्ट मागा, अंतिम शब्द कोणाचा हे आज या खोलीत ठरवा, मिनिट्समध्ये नाव लिहा. तुमच्या पुण्यातल्या मॅनेजरना हे आधी दाखवून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये तुम्ही एकटे पडणार नाही. आणि नाव ठरलं तर पुण्याच्या टीमला त्याच रात्री फोन करून सांगा, मेलची वाट बघायला लावू नका, ती मुलं केव्हाची थांबली आहेत.

मीटिंगचं काय झालं ते मला जरूर कळवा.